अण्णांसाठी ऑनियन रिंग्ज

मी बिनसाखरेचा चहा मागितला की तुम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघता, ते मला दिसत नाही असं समजू नका. आज सांगूनच टाकते. हसायचं तेवढं हसून घ्या, पण सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, म्हणजे झालं.

वेंधळेपणा काय, कुणाच्याही हातून होतो. दुधाऐवजी ताक उकळत ठेवणं वगैरे. पण तोच वेंधळेपणा तीन आठवडे, रोज दोन्ही वेळा, नेटाने आणि मायेने करत राहायचा म्हणजे अंगात काहीतरी विशेष लागतं. ते माझ्यात आहे.

तर आमच्या घरात माणसं तीन. मी, नवरा आणि सासरे, म्हणजे अण्णा. नवरा सकाळी सातलाच वागळे इस्टेटला कंपनीत जायला निघतो. मग दिवसभर डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मी आणि अण्णा. अण्णा शाळेत गणित शिकवायचे. वय चौऱ्याहत्तर, बोलणं कमी, आवाज कधी चढवणार नाहीत. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. त्या साखरेनेच गेल्या, आधी पाय, मग किडनी. तेव्हापासून आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नाही. अण्णा चहात साखर हवी असली तरी 'तो निळा डबा दे' म्हणतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या नवऱ्याला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलंय, मोरेश्वर. त्यामुळे अण्णा श्रीधर मोरेश्वर खांबेटे आणि मी शुभदा मोरेश्वर खांबेटे. इंग्रजीत दोघंही एस. एम. खांबेटे. आमच्या पोस्टमनने कधीच हात टेकलेत.

सोसायटीत रक्ततपासणीचा कॅम्प होता. अण्णा एकटे जायला तयार नव्हते, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले आणि आलेच आहे तर माझंही रक्त दिलं. दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर दोन फाइली आल्या. दोन्हींवर एस. एम. खांबेटे. एकीत सगळं ठीक. दुसरीत साखरेच्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलेलं, जास्त.

आता मला सांगा. एक चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याला रोज संध्याकाळी कांदाभजी लागतात. आणि दुसरी मी, सत्तेचाळीसची, सकाळी योगा करणारी. म्हणजे आठवड्यातून एकदा, पण करणारी. साखर कुणाला असेल? मला विचारही करावा लागला नाही. फाइल तिथेच बंद केली आणि डोळ्यांत पाणी आलं.

रात्रीची भांडी घासता घासता नवऱ्याला हळूच सांगितलं. तो म्हणाला, अण्णांना सांगू नकोस, आईचं सगळं आठवेल आणि ते खचतील. आपण गुपचूप पथ्य करू या. मलाही ते पटलं. आमच्या संसारात आम्हा दोघांचं इतकं चटकन एकमत झालेलं मला दुसरं आठवत नाही. तिथेच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी घराचा ताबा घेतला. भात बंद. त्याऐवजी फ्लॉवर किसून वाफवायचा आणि त्यावर वरण. पोळी बंद, त्याऐवजी जवसाची आणि बदामाची कसली तरी चकती. मी व्हिडिओ बघून बघून वहीत लिहून काढायचे. अण्णा समोर येईल ते निमूट खायचे. पहिल्या दिवशी फ्लॉवरकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खायला लागले. मी मनात म्हटलं, किती साधा माणूस आहे, काही कळतसुद्धा नाही.

अडलं ते भज्यांपाशी. संध्याकाळी फिरायला गेले की स्टेशनजवळच्या गाडीवरून भज्यांची पुडी आणायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. ती सोडवायची तर बदली काहीतरी कांद्याचंच हवं. तेव्हा मला त्या ऑनियन रिंग्ज सापडल्या. बेसन नाही, मैदा नाही, तळण नाही. कांद्याच्या जाड चकत्या करायच्या, त्यांची कडी सुटी करायची, घट्ट दह्यात बुडवायची, मग बदामाची पूड, किसलेलं चीज, तीळ, तिखट, ओवा आणि चिकटायला चमचाभर इसबगोल, यात घोळवून भाजायची. ओव्हन होता. टिटवाळ्याच्या नणंदेने नवीन फ्लॅटमध्ये जाताना तिचा जुना आमच्याकडे ढकलला होता. तोवर आम्ही त्यात पिशव्या ठेवायचो.

पहिल्या खेपेला सगळं आवरण घसरून ट्रेला चिकटलं आणि कांदे उघडेबोडके बाहेर आले. दुसऱ्या खेपेला मी वेळ वाढवली. नवऱ्याने एक रिंग हातात घेऊन उजेडात धरली, वाकवून बघितली, आणि म्हणाला, अगदी आमच्या कंपनीतल्या वॉशरसारखी झालीये. अण्णांनी मात्र तसली चार वॉशरं चावून चावून संपवली. वर म्हणाले, "चव चांगली आहे. तू का नाही घेत?"

आता मी कशाला घेऊ? बदाम एवढेसे, ते अण्णांच्या पोटात जायला हवेत. शिवाय माझं पोट भरलेलं असायचं. कारण असं बघा, पथ्याच्या घरात गोड कसं ठेवायचं? अण्णांच्या नजरेला पडलं तर? वरच्या फळीवर गूळपोळ्या होत्या, त्या मी दुपारी ते झोपले की संपवल्या. शेजारच्यांनी मुलीच्या साखरपुड्याचे पेढे दिले, ते दारातच तोंडात टाकले. मग नणंदेने अण्णांना आवडतात म्हणून डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. अन्न टाकायचं कसं? रोज दोन दोन करून मी ते सत्कारणी लावत होते. अण्णांसाठी.

इकडे अण्णांचं वागणं बदलत चाललं. भज्यांची पुडी आणणं त्यांनी आपणहून बंद केलं. जेवताना स्वतःचा फ्लॉवर माझ्या पानात वाढायला लागले. मी नको म्हटलं की म्हणायचे, तू खाल्लास तर मी खातो. मला वाटलं, कंटाळले बिचारे, माझ्या गळ्यात मारतायत. एक दिवस तर मी चहात निळ्या डब्यातली साखर घालत होते, तर त्यांनी येऊन डबा उचलला आणि काही न बोलता आपल्या खोलीत घेऊन गेले. मी नवऱ्याला सांगितलं, अरे, यांची तलफ फार वाढलीये, साखर नुसती खातायत वाटतं.

आणि मग लाडवांचा डबा नाहीसा झाला.

रविवारी सकाळी अण्णा दाढी करायला गेले तेव्हा मी त्यांचं कपाट उघडलं. स्वेटरांच्या मागे डबा. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. रागापेक्षा भीतीच जास्त. सासूबाईंचे शेवटचे महिने डोळ्यांपुढून गेले. मी डबा तिथेच ठेवला आणि मुकाट कांदे चिरायला घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्यामुळे बरं झालं, कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र रिंग्ज जमल्या. सोनेरी, कुरकुरीत, ओव्याचा वास घरभर. चार वाजता चहाबरोबर ताटली मांडली. नवऱ्याने चार खाल्ल्या आणि चक्क नाव ठेवलं नाही. अण्णांनी ताटली माझ्याकडे सरकवली.

"आधी तू घे."

मी म्हटलं, मला नको, तुमच्यासाठी केल्यात. त्यांनी ताटली आणखी पुढे सरकवली. तेव्हा माझा बांध फुटला.

"अण्णा, लाडवांचा डबा सापडला मला तुमच्या कपाटात. असं चोरून खायचं असेल तर मी रोज त्या ओव्हनपुढे कशासाठी उभी राहते?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली, मी अण्णांशी अशा आवाजात कधी बोलले नव्हते. नवऱ्याचा घास तोंडातच राहिला. अण्णांनी कप खाली ठेवला.

"मी एकही लाडू खाल्लेला नाही. तुला सापडू नये म्हणून तिथे ठेवला होता."

"मला? मला काय झालंय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. नवरा हातातल्या रिंगेकडे बघत होता. अण्णा उठले, आत गेले आणि डायरीत घडी करून ठेवलेला कागद घेऊन आले. कॅम्पवाल्यांनी रिपोर्टच्या छापील प्रती सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्या होत्या, त्या ते कधीच घेऊन आले होते. मी म्हटलं, हा मी बघितलाय, हा तुमचाच आहे. त्यांनी नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. गणिताच्या मास्तरांचं बोट ते, चूक दाखवायला सरावलेलं.

वय सत्तेचाळीस. लिंग, स्त्री.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. सत्तेचाळीस वर्षांची स्त्री त्या घरात एकच होती.

"मला वाटलं, तुला कळलंय," अण्णा म्हणाले. "घाबरली असशील, सांगायचं नसेल, म्हणून सगळ्या घरालाच पथ्यावर आणलंयस. म्हटलं, आपण विचारू नये. फ्लॉवरचा भात मला मुळीच आवडत नाही, शुभदा. पण तुला एकटीला खावा लागू नये म्हणून खात होतो. मग बघतो तर तू मला वाढतेस आणि स्वतः आत जाऊन लाडू खातेस. माझं गणितच चुकायला लागलं."

मला हसू येत होतं की रडू, तेच कळेना. नवरा काहीतरी विनोद करणार होता, पण अण्णांचा चेहरा बघून थांबला. अण्णा खिडकीकडे बघत होते.

"तुझ्या सासूच्या वेळी मी रोज भज्यांची पुडी आणत राहिलो. ती हौसेने खायची, मला बरं वाटायचं. तिने पथ्य करावं असं सगळे सांगायचे. तिच्याबरोबर एक कप बिनसाखरेचा चहा मात्र कुणी घेतला नाही. मीही नाही."

चार वर्षांत सासूबाईंबद्दल ते एवढं पहिल्यांदाच बोलले. मी ताटलीतली एक रिंग उचलली आणि खाल्ली. मग त्यांनी एक घेतली. मग मी दुसरी. नवऱ्याने हात पुढे केला, तर अण्णांनी त्याच्या हातावर हलकीच चापट मारली आणि ताटली आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

पुढच्याच आठवड्यात ठाण्याला साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अण्णा बरोबर आलेच. दोघांचं रक्त पुन्हा तपासलं होतं. डॉक्टरीणबाई नवीन, तरुण, आम्हाला ओळखत नव्हत्या. त्यांनी आधी अण्णांचा कागद बघितला आणि खूश झाल्या. या वयात असे आकडे क्वचित बघायला मिळतात म्हणाल्या, वजनही तीन किलो उतरलं होतं. मग माझा कागद घेतला. पहिल्यापेक्षा साखर वाढलेली, वजन दोन किलोंनी वर. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फार समजुतीच्या स्वरात मला म्हणाल्या, "घाबरू नका, अजून वेळ गेलेली नाही. एक करा. या आजोबांचं खाणंपिणं घरात ज्या कुणी बाई सांभाळतात ना, त्यांनाच तुमचंही बघायला सांगा. फार हुशार बाई दिसतायत."

अण्णा छताकडे बघायला लागले. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हटलं, "हो, विचारून बघते त्यांना."