काळ्या वाटाण्यांचा संकल्प

माझ्या पोटात कोट्यवधी जीव वस्तीला आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की उदरात केवळ जठराग्नी असतो आणि त्या रूपाने साक्षात परमेश्वर. मालवणजवळच्या आमच्या गावातील शाळेत संस्कृत शिकवताना मी हे मुलांना मोठ्या भक्तिभावाने सांगत असे. परंतु त्या वर्षी (ओरोसच्या माळावर नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, ते वर्ष) परमेश्वराने माझ्या उदरातून काढता पाय घेतला असावा. संध्येला बसावे, आचमनाचे पाणी तळहातावर घ्यावे, आणि ते तसेच सांडून परसाकडे धाव घ्यावी! (गायत्रीने मला क्षमा केली असेल. ती माता आहे.)

खरी चिंता पुढची होती. आमची एकुलती कन्या सुमती हिचा विवाह मार्गशीर्षात ठरला होता. मुलगा शिरोड्याचा, ओरोसला नोकरीस. कन्यादानाच्या वेळी पित्यास पाटावर पर्वतासारखे अचल बसावे लागते. हा पर्वत तर घटकाभरही एका जागी टिकत नव्हता!

"बाबा," सुमती म्हणाली, "तुमचो पाट परसातच मांडूया काय?"

अखेर मालवणला डॉक्टरांकडे गेलो. ते माझे जुने विद्यार्थी. पोट चाचपून म्हणाले, "गुरुजी, आतड्याला सूज आहे. जेवणात काय घेता?"

"पेज आणि मऊ भात. कडधान्ये वर्षभर वर्ज्य. वातूळ असतात ना!"

"औषध देतो, ते घ्याच. पण कडधान्य कायमचं तोडू नका. आपल्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. डाळीचं साल, कडधान्याचा चोथा, जे आपल्याला पचत नाही, ते त्यांचं अन्न. ते खाऊन हे जीव असं काही तयार करतात, की त्यानं सूज उतरायला मदत होत असावी, असं जाणकार आता म्हणू लागलेत. खात्रीनं अजून कोणी सांगत नाही. पण सोसेल तसं, चमच्या-चमच्यानं सुरू करा."

"असंख्य म्हणजे किती?"

"कोट्यवधी, गुरुजी!"

मी थक्क होऊन स्वतःच्या पोटाकडे पाहत राहिलो. दाराशी कावळ्याला घास ठेवल्यावाचून मी कधी जेवलो नव्हतो. आणि माझ्याच उदरातले कोट्यवधी अतिथी मी वर्षभर उपाशी ठेवले होते! केवढे हे पाप, आणि केवढी ही परमेश्वराची रचना! एका शिक्षकाच्या पोटात त्याने अख्खे ब्रह्मांड वसवले होते, आणि मी त्यास पेज घालीत होतो.

घरी येताच कुटुंबास, म्हणजे सुमतीच्या आईस, म्हणालो, "काळ्या वाटाण्यांचे सांबारे करा. भरपूर करा."

"डॉक्टरान किती खावूक सांगल्यान?"

"चमचाभर. परंतु कोट्यवधी अतिथी, आणि एक चमचा? हा त्यांचा उपमर्द आहे!"

"मगे काय पोटात गावजेवण घालतास?"

मी गावजेवणच घातले. नवरात्राचे दिवस होते. संध्याकाळी देवळात कीर्तन रंगात आले, आणि माझे अतिथी पानावरून भांडू लागले! आतून असे काही निनाद उठू लागले, की मृदंगवाला हात थांबवून आपल्याच मृदंगाकडे संशयाने पाहू लागला. बुवांनी अभंग आवरता घेतला. मी देवीला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी, परंतु अत्यंत वेगाने देवळाबाहेर पडलो.

डॉक्टर कळवळून म्हणाले, "गुरुजी, वर्षभर उपाशी असलेल्यांना एकदम पंगतीला बसवलंत? सुजलेल्या आतड्याला हे सोसायचं कसं? भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून, आणि हळूहळू!"

त्यानंतर मी शास्त्रोक्त वागलो. औषध घेतले, चमचाभर मुगाने आरंभ केला, मग कुळथाची पातळ पिठी. आणि काय सांगू! संध्या एका बैठकीत पुरी होऊ लागली! औषधाचा गुण किती आणि कुळथाचा किती, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी मात्र मातीच्या हंडीतल्या त्या तांबूस पिठीला पानावर बसताना मनोमन नमस्कार करू लागलो.

तोच कार्तिक उजाडला. आमच्या घरी कार्तिकात कर्त्या पुरुषास द्विदल वर्ज्य! ज्याची दोन दळे होतात ते धान्य महिनाभर शिवायचे नाही. वडिलांपासून चालत आलेले व्रत. इकडे व्रत, तिकडे कन्यादान. मी ओटीवर डोके धरून बसलो.

कुटुंब हात पुसत बाहेर आले. "एक सांगा. दुखणाईत माणसाचा व्रत दुसऱ्यान केल्यान, तर चलता मां?"

"चालते. पत्नी, पुत्र, बंधू यांस प्रतिनिधी होण्याचा अधिकार आहे."

"मगे मी करतंय. तुमी पिठी खावा आणि गप रवा!"

इतकी वर्षे मी शास्त्र शिकवीत होतो. या बाईने ते दोन वाक्यांत कामाला लावले. महिनाभर माझ्या वाट्याला मूग, कुळीथ, चवळी, पुढेपुढे काळे वाटाणेही. तिच्या वाट्याला भात आणि सोलकढी. काळ्या वाटाण्यांचे सांबारे हा तिचा जीव की प्राण. पण चमचा ती माझ्यापुढे धरी. "मीठ बरोबर आसा काय बघा." स्वतः थेंबही जिभेवर ठेवला नाही.

व्रत संपले आणि लग्नघाईत ती धड जेवलीच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात वडे आणि काळ्या वाटाण्यांचे सांबारे होते. कुटुंब प्रथमच निवांत पानावर बसले. मी कृतज्ञतेने गहिवरून स्वतः वाढले. "आणखी घ्या! संकोच नको!" डॉक्टरांचे 'हळूहळू' हे वचन मी गावभर सांगितले होते. फक्त घरात सांगायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टके झाली. मी पाटावर हिमालयासारखा बसलो. पोटात पूर्ण शांती! भटजी म्हणाले, "यजमानीणबाईंना बोलवा. पाण्याची धार त्यांनी धरायची."

सुमती मुंडावळ्यांआडून पुटपुटली, "बाबा, आई परसात."

"काय?"

"तिसऱ्यांदा!"

वराचे वडील कुजबुजले, "विहीणबायक आमचो झील पसंत नाय की काय?"

आता थांबणे धोक्याचे होते. मी डोळे मिटले आणि संकल्प सुरू केला. संकल्पात आपण कोठे बसलो आहोत, ते सांगावे लागते. जंबुद्वीप, भरतखंड, दक्षिणापथ, कोकण, सगळे संपले. परसाकडून चाहूल नाही! मी सह्याद्रीचे घाट उतरलो, कर्ली नदी ओलांडली, "नारिकेलवनशोभिते तारकर्लीग्रामे" म्हणून माडांच्या बनात शिरलो. भटजी डोळे वटारू लागले.

"शास्त्रीनु," वराचे वडील मला म्हणाले, "एस.टी.न निघालास काय? सगळे थांबे घेतास!"

मी वेंगुर्ल्यावरून वळण घेतले. "लवणागारसमृद्धे शिरोडाग्रामे!"

आपल्या गावाचे नाव आणि मिठागरांची स्तुती देववाणीत ऐकताच ते गृहस्थ ताठ बसले. "वा! ह्या परत एकदा होऊन जांव दे!"

मी तीनदा म्हटले. इतक्यात कुटुंब, जणू देवघरातूनच यावे तसे, शांतपणे आले, शेजारी बसले आणि झारी उचलली.

"खंयसर इलास?" ती हळूच म्हणाली.

"शिरोड्यापर्यंत."

"आता पुरे. फुडे गोंय लागात!"

कन्यादान निर्विघ्न पार पडले. तेव्हापासून पंचक्रोशीत माझ्या विद्वत्तेचा बोलबाला झाला. लग्न कोणाचेही असो, "शास्त्रीबुवा, तो मोठा संकल्प होऊ द्या!" असा आग्रह होतो. मी प्रयत्न करतो; परंतु कुटुंब समोर खुशाल बसलेले असले, की माझे सारे संस्कृत भरतखंडातच आटोपते. लोक हिरमुसतात. मी तिच्याकडे पाहतो, आणि ती निर्विकारपणे म्हणते, "आधी सांगूचा होतास. कालच वाटाणे भिजत घातले असते."