माहेरची हाडं

सई, रेवा,

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं छोटी ठेवते. हाडं तिशीपर्यंत भरतात. तुमची तिशी अजून दूर आहे, म्हणून आत्ताच लिहिते.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला. "आंटीजी, ये मनका बैठ गया है." भरलेला कुकर उचलायचं निमित्त झालं होतं. आजार ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे हाडं आतून विरळ होणं.

मागे शालूआजी उभी होती. माझी धाकटी जाऊ, माझ्याच वयाची. लग्नात मी तिच्याहून बोटभर उंच होते. आता ती माझ्या डोक्यावरून एक्स-रे बघत होती. पाठीपेक्षा तेच जास्त दुखलं.

राइट टाउनच्या या घरात आम्ही उभा जन्म एकाच स्वयंपाकघरात काढला. तीच डाळ, तेच नर्मदेचं पाणी. मग तिचीच पाठ ताठ कशी?

माझी आई शेवटी इतकी वाकली की तिला आल्यागेल्याचे पायच दिसत. मला तसं व्हायचं नव्हतं.

मग डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी. शालूचीही करा, असा मी हट्ट धरला. काळजीपोटी नव्हे. बाकावर बसून मी मनात तिच्या हाडांना भोकं पाडत होते.

"काहून गप्प बसून राहिल्या ताई?" ती म्हणाली. "मशीन काय मला खाते?"

तिचा रिपोर्ट उत्तम आला. माझा वाईट.

"खाना एक है, पर हड्डी तो मायके से आती है," डॉक्टर हसले. मग त्यांनी ऊन आणि चालणं किती, ते विचारलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, रिक्षाने गेले, छत्रीशिवाय बाहेर पडले नाही. शालूने गच्चीवर वड्या-पापड वाळवले, बाजार पायी केला. काळी पडशील, असं मीच तिला चिडवायचे. म्हणजे थोडं आईकडून आलं, थोडं मी कमावलं.

औषध वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. शालू रोज सकाळी मला गच्चीवर नेते. "चलो ताई, आज तुम्हाला वाळवते."

पुढच्या स्कॅनमध्ये झीज थांबलेली दिसली. पोरींनो, आईकडून आलेलं बदलत नाही. बाकीचं बदलतं. उन्हात जा, चाला, वजन उचला.

बसलेला मणका उठणार नाही. पण मला समोरच्याचा चेहरा दिसतो, आणि त्यात शालूचे उपकार आहेत. तिच्याकडे बघताना मान जरा वर करावी लागते. तेव्हा हेवा वाटतो. तो अजून शाबूत आहे.