अंतर्दृष्टी, दहापैकी

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाची एकांकिका समिती निवडते. त्या वर्षी आम्ही तिघे होतो: अध्यक्ष म्हणून सॉफ्टवेअर कंपनीतले एक मॅनेजर, दुसरे एक बँकवाले, आणि वर्तमानपत्रात वीस वर्षं काढल्यामुळे साहित्यातलं कळतं असा समज झालेला मी. अध्यक्षांनी एक्सेलमध्ये तक्ता करून आणला होता. संवाद, विनोद, नेपथ्याची सोय, सामाजिक संदेश आणि अंतर्दृष्टी. प्रत्येकी दहा गुण. अंतर्दृष्टीचा रकाना त्यांना ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये सुचला होता.

दोन संहिता आल्या. पहिलीत एका कॉन्डोतले शेजारी पार्किंगवरून भांडतात आणि आरतीला एकत्र येतात. दुसरी तोआ पायोह भागात राहणाऱ्या एका अकाउंटंट बाईंनी लिहिली होती. तीत पुण्याहून आलेली आई मुलाच्या फ्लॅटवर राहते. मुलानं घरभर चिठ्ठ्या लावल्या आहेत: हे बटण दाबू नये, ही खिडकी उघडू नये, काचेला हात लावू नये. आई दिवसभर त्या वाचते. शेवटी तीही एक चिठ्ठी लिहिते आणि स्वतःच्या पदरावर चिकटवते: ‘हात लावला तरी चालेल.’ पडदा.

आईचं काम लेखिकेच्या सासूबाई करणार होत्या. वय पंचाहत्तर. संवाद केव्हाच पाठ झाले होते. गणपतीनंतर त्या पुण्याला परतणार होत्या आणि यापुढे विमानप्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे याच वर्षी, नाहीतर नाही.

मी अंतर्दृष्टीला नऊ दिले.

बैठक रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत झाली. कोपी, म्हणजे इथली कॉफी, आली.

“वाचताना गलबलून आलं हो,” बँकवाले म्हणाले. “आमच्या मायक्रोवेव्हवर अगदी अशीच चिठ्ठी आहे.”

“मग किती दिलेत?” मी विचारलं.

“चार.”

“चार?”

“अहो, पहिल्या रांगेत माझी आई बसणार. शेजारी बायको. मध्ये मी.”

अध्यक्षांनी तोल सांभाळला. “अंतर्दृष्टी आहेच, त्यात वाद नाही. पण थोडी कमी करता येईल का, असं लेखिकाबाईंना विचारलं मी. नाही म्हणाल्या. सणाचे दिवस आहेत, लोक नटूनथटून येतात.”

मग त्यांनी आकडे जुळवायला घेतले. कंपनीत वार्षिक मूल्यमापनाला करतात तसंच: टोकाचा आकडा देणाऱ्यानं तो मधे आणायचा, नाहीतर पन्नास शब्दांत कारण लिहायचं. ते कारण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार होतं. बँकवाल्यांनी चाराचे पाच केले आणि उदार दिसले. माझी पाळी आली. पन्नास शब्द लिहिणं हा माझा धंदाच होता. पण खरं कारण लिहायचं तर ग्रुपमधल्या निम्म्या घरांची स्वयंपाकघरं त्यात आली असती. शिवाय अध्यक्ष मला गाडीनं घरी सोडणार होते. मी नवाचे सहा केले.

पार्किंगची एकांकिका अंतर्दृष्टीतसुद्धा पुढे निघाली. भांडणानंतर माणसं आरतीला येतात, हे अध्यक्षांना फार खोल वाटलं होतं.

लेखिकेला कळवायचं काम, शब्दांचा माणूस म्हणून, माझ्याकडे आलं. फोन सासूबाईंनी उचलला.

“ती बाजारात गेलीय. आमचं झालं का हो?”

“नाही, आजी. थोडक्यात गेलं.”

“कशात कमी पडलं? माझं पाठांतर विचारलं होतं का कुणी?”

“नाही, तो रकाना नव्हता. अंतर्दृष्टीत कमी पडलं.”

“अस्सं. तुम्ही किती दिलेत?”

“सहा.”

“सहा म्हणजे पास ना?”

“पास,” मी म्हणालो.

“मग बरं. तिला सांगते, पेपरवाल्यांना आवडलं होतं म्हणून.”

आधी नऊ होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी कारण विचारलं असतं, आणि ते कळायला त्यांना पन्नास शब्दांचीही गरज पडली नसती.