इंजिनाला लावलेला कान

वडिलांच्या जुन्या जीपचं इंजिन मिस्त्रींनी सुटं करून पुन्हा जोडलं आणि आज ते पहिल्यांदा धडधडलं. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"कुरकुरतंय अजून."

माझा चेहरा पडला.

"अहो ताई, कुरकुरतंय ते बरंय. कुठं दुखतंय ते तरी कळतं. गप्प पडलेल्या इंजिनाला काय विचारणार?"

इतकं कान देऊन आपण माणसांचं कुठं ऐकतो? चार वर्षांच्या अबोल्यानंतर आज सकाळीच धाकट्या भावाचा फोन आला होता. जीपचा रंग का बदललास म्हणून तो भांडला आणि मी तडकून फोन ठेवला.

गॅरेजमधूनच मी त्याला फोन लावला. "बोल," म्हटलं, "आणखी काय काय चुकलंय?"