नळाला हिरवं पाणी

राहू गावची लेक भाग्यश्री शिरूर तालुक्यात आरोग्यसेविका झाली आणि लोकांनी तिचं नाव पाडलं टीसीएलवाली बाई. दिसेल त्या टाकीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकायला लावायची, अन् टाकेपर्यंत दारातून हलायची नाही.

पावसाळ्याच्या शेवटी साहेबरावआप्पांच्या भाड्यानं दिलेल्या खोल्यांमध्ये जुलाब-उलट्यांची साथ उठली. अंगणाच्या पुढं-मागं दोन ओळींत कंपनी कामगारांची बिऱ्हाडं, टाकी एकच. आप्पांचं म्हणणं ठाम होतं. "पोरं नाक्यावरची बिर्याणी खात्यात, दुसरं काय न्हाई."

भाग्यश्रीनं आधी ओआरएस वाटलं, जास्त झालेल्यांना ॲम्ब्युलन्सनं दवाखान्यात धाडलं. मग दारोदार फिरली. मागच्या ओळीत रंभा मलूल लेकीला मांडीवर घेऊन बसली होती.

"बिर्याणी खाल्ली व्हती का गं?"

"आमी माळकरी माणसं, ताई. आन् हिला तर अजून दातबी न्हाईत."

भाग्यश्रीला खटकलं. आजारी सगळे मागच्याच ओळीतले; पुढची ओळ ठणठणीत. टाकीतलं पाणीही चोख निघालं. म्हणजे खोट वाटेतच. मागच्या ओळीच्या पाइपाचा माग काढत ती सामाईक संडासाच्या चेंबरपाशी येऊन थांबली. पाइप नेमका त्याच्या खालून गेला होता.

"आप्पा, हितं पाइप फुटलाय. घाण आत शिरतीय."

"पोरी, म्या उभं राहून बसवून घेतलाय त्यो. उगं बदनामी करू नगंस."

तिनं वाद घातला नाही. नळाचं पाणी प्यायचं बंद करायला लावलं, टाकीचा कॉक बंद केला आणि रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग कालवून संडासात बादल्यांवर बादल्या ओतल्या. जरा वेळानं सगळ्यांसमोर कॉक उघडून मागचा नळ सोडला.

पहिली धार नितळ आली. आप्पा मिशीत हसले. मग धार गढुळली, हिरवट झाली, बघता बघता पोपटी!

"हरा आया, दीदी! हरा आया!" बिहारी पोरांनी एकच गिल्ला केला.

आप्पांनी धावत जाऊन नळ बंद केला. "आरारा! हे पाजीत व्हतो व्हय म्या लोकास्नी?"

पण माणूस दिलदार. दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून जुना पाइप तोडला, नवा भिंतीवरून वरच्या वर नेला. भाग्यश्रीनं सगळी लाइन टीसीएलनं धुऊन घेतली, पाणी पुन्हा तपासलं. त्यानंतर नवा एकही माणूस आजारी पडला नाही. रंभाची लेक तर दुडूदुडू रांगायला लागली.

"ताई," आता आप्पांच्या तोंडी आदर होता, "वरवंडला पाव्हण्याच्या खोल्या हायत्या. तिथलाबी पाइप बघता का?"

"बघू की, पण आधी ह्यो बघू."

तिनं मागच्या नळाखाली तांब्या धरला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा रिकामा केला.