टॅब की स्पेस

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून मला जेमतेम चार दिवस झाले होते. पुण्याहून येताना कपड्यांपेक्षा जास्त काळजीने मी माझ्या कोड लिहायच्या एडिटरची सेटिंग्ज आणली होती. जावास्क्रिप्टची फाईल सेव्ह केली की एडिटर ती आपोआप आवरून द्यायचा. आतल्या ओळी दोन-दोन स्पेस सरकवलेल्या, सगळं कसं चापूनचोपून. मला त्याचा भारी अभिमान.

पाचव्या दिवशी मी एका बटणाचा रंग बदलला आणि काम तपासणीला पाठवलं. बदल एका ओळीचा. पण सेव्ह करताना एडिटरने अख्खी फाईलच आवरली होती, त्यामुळे तपासणाऱ्याला शेकडो ओळी बदललेल्या दिसल्या.

तपासणाऱ्या म्हणजे आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई. सगळे त्यांना अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. ऑफिसात त्या कन्नड नाहीतर इंग्रजी बोलायच्या. त्या दिवशी मात्र स्क्रीनकडे बघून चक्क मराठीत म्हणाल्या, "काय करून ठेवलीस की गं हे!"

मी उडालेच. "तुम्हाला मराठी येतं?"

"बेळगावची की मी. ये, बस इकडं."

खुर्ची ओढून बसले, सॉरी म्हणाले आणि लगेच दोन स्पेसची वकिली सुरू केली. कोड किती सुटसुटीत दिसतो, हल्ली सगळे तेच वापरतात, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपली स्क्रीन माझ्याकडे वळवली. अक्षरं एवढी मोठी, की एका वेळी दहा-बारा ओळीच मावत होत्या.

"डोळे अधू झालेत गं. दोन स्पेस मला दिसतच नाहीत, कुठली ओळ कशाच्या आत आहे कळत नाही. स्पेसऐवजी टॅबचं एकच चिन्ह असलं की मी ते माझ्या स्क्रीनवर आठ घरं रुंद करून घेते. तू दोन कर. फाईल तीच राहते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं. उगाच कीव करतील."

दुपारी साहेबांनी आम्हा पाचही जणांना बसवलं. टॅब की स्पेस, एकदाचं ठरवून टाका. दोघे स्पेसवाले होते आणि तिसरी मी, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"मला टॅब हवेत," मी म्हणाले.

"अरे? सकाळी तर वेगळंच बोलत होतीस!" स्पेसवाल्यांतला एक म्हणाला.

"मत बदललं. ज्याला जेवढी रुंदी हवी तेवढी त्याने ठेवावी. कुणाचं काय बिघडतं?"

साहेबांनी टॅब पक्के केले. अक्का मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

संध्याकाळी आम्ही दोघींनी सेटिंग्जची एक छोटी फाईल लिहून प्रोजेक्टमध्येच ठेवली, म्हणजे सगळ्यांचे एडिटर एकाच नियमाने चालतील. आपोआप आवरणंही फक्त बदललेल्या ओळींपुरतं ठेवलं. मग अक्का मला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्याउभ्या खायच्या छोट्या हॉटेलात, घेऊन गेल्या. साखर थोडी कमी सांगून दोन कॉफ्या मागवल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून ते अहो-जाहो बंद कर. आमच्यात अक्काला अगंच म्हणतात."

पहिले आठ दिवस माझी जीभ काही वळली नाही.