पुडीतलं शिसं

तिसऱ्या खेपेलाही पोटातलं लेकरू राहिलं नाही, तेव्हा माझी मोठी बहीण जवळच्याच मालेगावहून महिनाभरासाठी माहेरी आली. तिला आम्ही अक्का म्हणायचो. मी तेव्हा वाशीमच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचा भाजीचा मळा गावाला लागून होता. बाप सकाळी वांगी-मेथी बाजारात नेई, आणि मी बांधावरून चालत कॉलेजला जाई.

अक्काचं पोट सारखं दुखायचं. उजवा हात मनगटातून लोंबल्यासारखा झाला होता. भाकर थापायला बसली की बोटं नीट उघडत नसत. माय म्हणायची, अशक्तपणा आहे. रोज सकाळी ती अक्काला मधातून एक पिवळसर पूड चाटवायची. पहिलं लेकरू गेलं तेव्हा आठवडी बाजारातल्या एका औषधवाल्याकडून मायनंच ती आणली होती, पुढचं तरी टिकावं म्हणून. तेव्हापासून पुड्या संपत आल्या की नव्या घेऊन माय एस.टी.नं स्वतः मालेगावला जायची.

एकदा चाटण करायला मायनं मला सांगितलं. पुडी हातात घेतली तर ती एवढीशी असून जड लागली. त्या दिवसांत आम्हाला प्रॅक्टिकलला तेच काम होतं. सर एक अनोळखी क्षार द्यायचे आणि त्यात कोणता धातू आहे ते आम्ही शोधायचं. मी चिमूटभर पूड कागदात बांधली आणि कॉलेजला नेली. मनात शंका होतीच असं नाही. एक बाहेरची गोष्ट आपल्याला ओळखता येते का, ते पाहायचं होतं.

पूड विरल नायट्रिक आम्लात गरम केली. विरघळली. त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर पांढरा साका बसला. साका पाण्यात उकळला, तो विरघळला. इथं मी वही उघडली. पुढं काय होणार ते वहीत लिहिलेलं होतं. पोटॅशियम आयोडाइड टाकलं, नळी पिवळीधमक झाली. ती तापवून निवळ केली आणि स्टँडमध्ये थंड व्हायला ठेवली. हळूहळू आत सोन्याच्या वर्खासारखे कण चमकत खाली उतरू लागले. वर्गात हा प्रयोग केला होता तेव्हा आम्ही दोघी मुलींनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

सरांनी नळी उजेडात धरली. "शिसं. बरोबर आहे. पण हा तर आजचा नमुना नाही. कुठून आणलं?"

"घरचं औषध आहे, सर."

त्यांनी नळी खाली ठेवली. "कोण घेतं?"

मी सांगितलं. अक्काच्या हाताचंही सांगितलं. सर म्हणाले, "आजच बंद करा. आणि तिला अकोल्याला दाखवा."

घरी आले तेव्हा अक्का मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. माय घरात होती. मी अक्काजवळ बसून सगळं सांगितलं. ती जुडी तशीच हातात धरून ऐकत राहिली.

"म्हंजे जहर?"

"हो."

"पहिलं तं पुडीच्या आधीच गेलं होतं," ती म्हणाली. "मंग बाकीचे दोन?"

"मले नाही माहीत, अक्का." हे खोटं नव्हतं. आमच्या चाचणीत शिसं आहे की नाही एवढंच कळत होतं. पण मी मान वर करून बोलले नाही, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "मायले सांगू नोको. तिनं आपल्या हातानं चाटवलं मले. ती जगायची नाही."

"मंग पुडी काहून सोडली म्हणून इचारलं तं?"

"मीच सोडाय लावली म्हणजो. तुह्या शिक्षणावर ढकलजो."

मी तसंच केलं. माय माझ्यावर खूप चिडली. अकोल्याच्या डॉक्टरांनी अक्काच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहून तेच सांगितलं जे नळीत दिसलं होतं. त्या वेळी सोबत भाऊजी होते. अक्कानं त्यांनाही मायला न सांगण्याची शपथ घातली. पोटदुखी गेली, हातात थोडा जोर आला. पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यापर्यंत सगळं नीट होतं. माझ्या मनातली भीती जवळजवळ गेली होती. मग तेही गेलं. शिसं हाडांत मुरून बसतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही, हे मी फार नंतर वाचलं.

मालेगावहून निरोप आला तेव्हा माय चुलीपुढं बसली होती. ती माझ्याकडं वळली. "झालं समाधान? औषध चालू असतं तं हे लेकरू हाती लागलं असतं. मोठी शिकून राह्यली!"

मी उठून मळ्यात गेले. त्यानंतर अक्काला मूल झालं नाही. माय माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, माझ्या लग्नातही राबली. पण तो राग तिनं सोडला नाही. शेवटच्या आजारात मी तिचे पाय चेपत होते, तेव्हाही म्हणाली, "तू आड आली नसती तं अक्काच्या घरी पाळणा हालला असता." अक्का उशाशी बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मायच्या कपाळावरचं फडकं बदललं. मीही पाय चेपत राहिले.

तेरवी झाल्यावर मी अक्काला स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची होती. ती म्हणाली, "सांगू देलं असतं तुले तं बरं झालं असतं का व?"

"नाही," मी म्हणाले.

"खरं सांग."

गाडी लागली तशी मीही तिच्यासोबत चढले आणि चार दिवस मालेगावला राहिले.